रक्ततपासणीला उपाशी पोटी जायचं : पाणी, चहा, गोळ्या... नेमकं काय चालतं?

ऋतुगंध
आईची वर्षातून एकदा होणारी तपासणी परवा सकाळी आहे. फास्टिंग आणि पीपी (जेवणानंतरची) शुगर, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातली चरबी), थायरॉइड, यकृत, किडनी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सगळं एकदमच. लॅबमधून फोनवर सांगितलं, "बारा तास काही घ्यायचं नाही." मी विचारलं, पाणी? तर "काही म्हणजे काहीच नाही" एवढं बोलून फोन ठेवला.

आई सत्तरीच्या पुढे आहे. उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, मग रक्तदाबाची, नाश्त्याच्या आधी मधुमेहाची, असा तिचा क्रम ठरलेला. जेवतेही संध्याकाळी लवकर. म्हणजे लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत बारा नाही, पंधरा तास सहज होणार, तेही पाण्याशिवाय. मला हे पटत नाही. पण पाणी दिलं आणि रिपोर्ट चुकला तर तिला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार, म्हणून विचारते. पाणी चालतं का? गोळ्यांचं काय करायचं? आणि या सगळ्या तपासण्यांना खरंच उपाशी राहावं लागतं का, की एकीसाठी सगळ्या वेठीला धरल्यात?

पायवाट
पाणी चालतं. साधं, त्यात काहीही न घातलेलं. निर्धास्त द्या.

निर्मळमन
पायवाट, इतकं ठाम नका सांगू. आमच्या घरी सगळे पाणीसुद्धा न घेताच जातात. पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं आणि साखर कमी दाखवते, असं मला एका जाणत्या माणसाने सांगितलंय. एक रात्र पाणी नाही प्यायलं तर बिघडतं कुठे?

काचनळी
निर्मळमन, मी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते आणि कुठे बिघडतं ते रोज समोर बघते. रात्रभर पाणी न घेतलेल्या वयस्कर माणसाची शीर दबलेली असते. बोटाला लागते, पण सुई घातली की निसटते. मग दुसरा हात, मग मनगट. रक्त थेंबाथेंबाने येतं, नळीत तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडून पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो. पाणी पिऊन आलेला माणूस बहुतेक वेळा एका टोचणीत मोकळा होतो.

पाण्याने रक्त पातळ होऊन साखर कमी दिसते, हे खरं नाही. एक-दोन पेले पाणी जास्त झालं तर किडनी ते बाहेर टाकते. उलट शरीरातलं पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं आणि हिमोग्लोबिन, प्रथिनं, युरिया थोडे चढे दिसतात. युरोपातल्या वैद्यकीय प्रयोगशाळांच्या महासंघाच्या कार्यगटाने २०१४ मध्ये उपाशीपोटी नमुना कसा घ्यावा याच्या शिफारशी दिल्या. त्यांत १२ तास उपाशी, नमुना सकाळी ७ ते ९ च्या दरम्यान, आदल्या २४ तासांत मद्य नाही, सकाळी सिगारेट आणि चहा-कॉफी नाही, असं सगळं आहे, आणि पाणी चालेल असंही त्यात आहे.

आता उपाशी कशासाठी, ते सांगते. साखरेचं कारण उघड आहे, जेवलं की ती वाढणारच. दुसरं कारण चरबी. जेवणातली चरबी आतड्यातून बारीक कणांच्या रूपात रक्तात येते. नळीतलं रक्त गोठलं की आम्ही ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो, वर जो द्रव राहतो तो फिकट पिवळा आणि आरपार दिसणारा हवा. भरपूर तेलातुपाचं जेवून लगेच आलेल्या माणसाचा हा द्रव कधीकधी दुधाळ निघतो. यंत्र बऱ्याच तपासण्यांमध्ये या द्रवातून प्रकाश सोडून मोजमाप करतं. द्रवच गढूळ असेल तर फक्त कोलेस्टेरॉलचा नाही, इतर आकड्यांचाही भरवसा राहत नाही.

ऋतुगंध, तुमच्या यादीतल्या सीबीसीला, किडनीच्या क्रिएटिनिनला, थायरॉइडला उपाशी राहायची सक्ती नाही. पण एकाच टोचणीत सगळं घ्यायचं म्हणून सरसकट उपाशी बोलावतात. फोनवर मात्र "पाणी प्या" हे दोन शब्द बोलायलाच हवेत. आमच्याकडे मी नव्या मुलींना ते वाक्य पहिल्याच दिवशी शिकवते.

निर्मळमन
काचनळी, पोटॅशियमचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी सासूबाईंना पाणी देऊनच नेईन. त्यांची शीर नेहमी सापडत नाही, त्याचं कारण हेच असावं.

देवचाफा
"काही म्हणजे काहीच नाही" हे येतं कुठून, तर शस्त्रक्रियेवरून. मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. भूल दिली की घशाची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. म्हणून तिथे पोट रिकामं हवं. रक्त देताना भूल नाही, पोटात पाणी असलं तरी धोका शून्य. लोकांच्या मनात दोन्हींचं "उपाशी" एकच होऊन बसलंय.

आणि भुलीच्या आधीसुद्धा सरसकट पाणी बंद हा जुना प्रघात झाला. आताच्या नियमांत निरोगी माणसाला नियोजित शस्त्रक्रियेआधी हलकं खाणं ६ तासांपर्यंत आणि साधं पाणी २ तासांपर्यंत घेता येतं. अर्थात तिथे भूलतज्ज्ञ सांगतील तेच करायचं, इथे वाचून नाही.

तिसरा प्रकार पोटाच्या सोनोग्राफीचा. तिथे उपाशी राहायचं कारण पित्ताशय. जेवलं की ते आकसून पित्त सोडतं, मग आतले खडे नीट दिसत नाहीत. म्हणजे तीन ठिकाणी उपाशी आणि तीन वेगळी कारणं.

चांदणवेल
आमच्या बाबांना सकाळचा चहा मिळाला नाही की रक्तदाब त्यांच्याऐवजी आमचा मोजावा लागतो. :) बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा तरी चालतो का हो? कोणीतरी हो म्हणा!

पायवाट
नाही म्हणावं लागतंय, चांदणवेल. कॅफीनने साखरेवर आणि काही संप्रेरकांवर थोडा परिणाम होतो. थर्मास भरून बरोबर न्या, रक्त दिलं की तिथेच बाकावर बसून पिऊ द्या.

काचनळी
पण थर्मास उघडण्याआधी पीपी आहे का ते बघा. असेल तर नुसता चहा पिऊन वेळ मोजायला सुरुवात करू नका. रोजच्यासारखं पूर्ण खाणं व्हायला हवं, रोजचं औषध घेऊन. त्या औषधावर जेवणानंतर साखर कुठे जाते हेच तर बघायचं असतं. आणि दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. बरेचजण जेवण संपल्यापासून मोजतात आणि अर्धा-पाऊण तास उशिरा येतात, तोवर साखर उतरायला लागलेली असते.

सरळसोट
मला इथे थोडा वेगळा सूर लावायचाय. कोलेस्टेरॉलसाठी बारा तास उपाशी ठेवणं ही बहुतेकांच्या बाबतीत आता गरजच उरलेली नाही. डेन्मार्कमध्ये २००९ पासून लिपिडची तपासणी न उपाशी राहता करतात. २०१६ मध्ये युरोपियन अथेरोस्क्लेरोसिस सोसायटी आणि काचनळींनी उल्लेख केलेला महासंघ यांनी एकत्र निवेदन काढलं, की नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशी राहायला लावू नये. कारण साधं आहे. रोजच्यासारखं जेवल्यावर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, सरासरी २६ मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) थोडेसेच हलतात, एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) तर जवळजवळ जागचं हलत नाही. आणि माणूस दिवसाचा बहुतांश वेळ जेवलेल्या अवस्थेतच जगतो ना? रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो तो त्या अवस्थेतल्या चरबीचा.

मग हा बारा तासांचा नियम इतका रुजला कसा? एलडीएल बरीच वर्षं थेट मोजत नव्हते, सूत्राने काढत होते. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. जेवणाने ट्रायग्लिसराइड फुगलं की वजाबाकी चुकते आणि एलडीएल खोटंच कमी दिसतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर सूत्र वापरूच नये, असा दंडकच आहे. आजही बऱ्याच रिपोर्टांवर एलडीएलपुढे "गणिताने काढलेलं" असं बारीक अक्षरात असतं, ते बघा.

लहान मुलं, वृद्ध, मधुमेही, गरोदर बायका, सगळ्यांना एका सूत्रापायी उपाशी रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं.

काचनळी
सरळसोट, तुमचे मुद्दे बरोबर आहेत, पण शेवटाशी मी अर्धीच सहमत. ट्रायग्लिसराइड आधीच जास्त असणाऱ्यांना उपाशी राहावंच लागतं. न उपाशी राहता ते ४४० च्या वर आलं तर उपाशीपोटी पुन्हा तपासावं, असं त्याच २०१६ च्या निवेदनात आहे. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनाही उपाशीपोटीच बोलावतात. शिवाय मागचे सगळे रिपोर्ट उपाशीपोटीचे असतील आणि यंदाचा जेवून दिलेला असेल, तर डॉक्टरांनी तुलना कशाशी करायची? नियम बदला, जरूर बदला, पण एका माणसाचे रिपोर्ट दरवर्षी एकाच पद्धतीने झाले तर ते वाचता येतात.

सरळसोट
तुलनेचा मुद्दा मान्य. तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता.

फॅमिलीडॉक्टर
धागा चांगला चाललाय, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, म्हणून ठळकपणे लिहितो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना न विचारता लांबलचक उपाशी राहू नये. आणि उपाशीपोटी ही औषधं नेहमीच्या सवयीने घेऊन घराबाहेर तर अजिबात पडू नये. औषध साखर उतरवत राहतं आणि पोटात काही जात नाही. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखं वागणं ही लक्षणं दिसली आणि साखर ७० च्या खाली असली, की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लगेच तोंडात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, अजून कमी असेल तर पुन्हा तेच. तपासणी उद्या होईल. रांगेत "आता माझाच नंबर आहे" म्हणून दम धरणारे रुग्ण मी पाहिलेत, त्यातले काही तिथेच कोसळले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका बराच कमी असतो. तरी औषधाचं नाव सांगून विचारा, "शुगरची गोळी" एवढंच सांगू नका.

ऋतुगंध, आईंच्या गोळ्यांबद्दल. रक्तदाबाची गोळी साधारणपणे पाण्याबरोबर वेळेवर घ्यायची, ती चुकवून रक्तदाब चढवून घेण्यात काही अर्थ नाही. मधुमेहाची गोळी जेवणाशी बांधलेली असते, त्यामुळे फास्टिंगचं रक्त देऊन झाल्यावर, खाण्याच्या वेळी. थायरॉइडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घेतलेली बरी, विशेषतः फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) तपासत असतील तर. गोळी घेतल्यावर काही तास त्याचा आकडा वर जातो, टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) मात्र इतक्यात हलत नाही. हे सर्वसाधारण झालं. त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करून नक्की करा, कारण औषधांची पूर्ण यादी त्यांच्याकडे आहे.

आणि पंधरा तास नकोत. साखरेच्या तपासणीला किमान ८ तास लागतात. लिपिडसह सगळं असेल तर १० ते १२ पुरे. संध्याकाळी लवकर जेवत असतील तर झोपायच्या आधी थोडं काही खाऊ द्या आणि सकाळी पहिली वेळ मागून घ्या.

हिरवी_पालवी
"जितकं जास्त उपाशी तितका रिपोर्ट चांगला" असं मानणाऱ्यांसाठी माझ्या भावाची गोष्ट. तपासणीच्या आधी वजन उतरवायचं म्हणून तो दोन दिवस जवळजवळ काहीच न खाता राहिला. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन चढलेलं, बाकी यकृताचे सगळे आकडे ठीक. घरात कावीळ झाली म्हणून रडारड. डॉक्टरांनी नीट जेवून पुन्हा तपासायला लावलं तेव्हा ते बरंच खाली आलं. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम निघाला. त्यात यकृत बिलिरुबिनवर प्रक्रिया थोडी सावकाश करतं, आणि उपाशी राहिलं की आकडा दुपटी-तिपटीनेही वाढतो. तो निरुपद्रवी असतो, उपचार लागत नाही. पण ती काळजी उगाच झाली.

फॅमिलीडॉक्टर
अगदी योग्य उदाहरण. यात यूरिक अॅसिडही धरा. फार वेळ उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारी कीटोन्स किडनीतून यूरिक अॅसिड बाहेर पडू देत नाहीत आणि रक्तातला त्याचा आकडा वाढतो. "काळजी घेतली" म्हणून केलेल्या कडक उपाशीपणाने रिपोर्ट बिघडतो तो असा.

सांजवेळ
मला कळत नाही ते असं. रात्री झोपताना घरच्या मशीनवर साखर ११८, काही न खाता सकाळी १३४. उपाशी राहून साखर वाढते कशी? नवरा म्हणतो, रात्री उठून काहीतरी खात असशील.

फॅमिलीडॉक्टर
नवऱ्याला सांगा, खाल्लेलं नाही, यकृताने दिलंय. आपण झोपेत असताना मेंदूला साखर लागतच असते, ती यकृत आपल्या साठ्यातून पुरवतं. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढतं, ते यकृताला आणखी साखर सोडायला लावतं. निरोगी माणसात लगेच इन्सुलिन वाढून तोल सांभाळला जातो. मधुमेहात किंवा त्याच्या उंबरठ्यावर तो सांभाळला जात नाही, म्हणून सकाळचा आकडा चढा. याला डॉन फिनॉमेनन म्हणतात. म्हणून तर उपाशीपोटीच्या साखरेला किंमत आहे. त्यात जेवणाचा हिशेब नसतो, शरीर स्वतः साखर कशी सांभाळतं ते दिसतं.

घरच्या मशीनचा आकडा निदानासाठी धरू नका. प्रयोगशाळेत उपाशीपोटी १०० च्या खाली सामान्य, १०० ते १२५ मधुमेहाच्या आधीची पायरी, १२६ किंवा जास्त दोनदा आलं तर मधुमेह, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं वर्गीकरण आहे. १९९७ पर्यंत ही रेषा १४० वर होती, तेव्हा खूप लोक निसटायचे. तुमचं लॅबमध्ये तपासून घ्या, आणि जोडीला एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) करा. त्याला उपाशी राहावं लागत नाही.

टिपकागद
एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही तर सगळ्यांचं तेच करून मोकळं का होत नाहीत?

काचनळी
कारण तो आकडा तांबड्या पेशींवर अवलंबून आहे. पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्यात तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते आपण मोजतो. म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज मिळतो. पण लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखा प्रकार असेल, तर तो फसवतो. अशा वेळी उपाशीपोटीची साखरच बघावी लागते.

त्या साखरेचंही एक पथ्य आमच्याकडे असतं. रक्त नळीत आल्यावरही पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. नुसतं ठेवलं तर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून करड्या टोपणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात, पण फ्लोराइडलाही पूर्ण असर व्हायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. तेव्हा नमुना लवकर फिरवून पेशी वेगळ्या करणं हे लॅबचं काम. तुम्ही बारा तास उपाशी राहिलात आणि नळी दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिली, तर तुमचे कष्ट वाया गेले. घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्यांना जरूर विचारा, नमुना लॅबमध्ये किती वाजता पोचतो.

टिपकागद
हे कधी मनातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली. थायरॉइडवरून माझ्याकडूनही एक भर. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला सांगा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. काही यंत्रांच्या पद्धतीत बायोटिन आडवं येतं, टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं, म्हणजे थायरॉइड वाढल्याचं चित्र. माझ्या मैत्रिणीला औषध सुरू होणार होतं, डॉक्टरांनी आधी बायोटिन थांबवून पुन्हा तपासलं आणि सगळं ठीक निघालं. ते निदान दोन दिवस आधी बंद करायला सांगतात.

वाऱ्यावर
उपाशीपोटी रक्त देताना डोळ्यांपुढे अंधारी येते त्यांनी काय करायचं? मला सुई बघूनच घाम फुटतो, त्यात पोट रिकामं.

काचनळी
आल्या आल्या सांगायचं, "मला चक्कर येते." लाज वाटून घेऊ नका. आम्ही आडवं झोपवून रक्त घेतो, पाय उंच ठेवतो. पाणी भरपूर पिऊन या, नजर दुसरीकडे ठेवा, उठायची घाई करू नका. खाणं बरोबर आणा. चक्कर आलीच तर पडून जखम होणं हा खरा धोका असतो, आणि आडव्या माणसाला पडायची भीती नाही.

देवचाफा
अवांतर : रक्त देण्याच्या आधी जोरात चालून किंवा व्यायाम करून जाऊ नका. स्नायूंचं सीपीके हे एन्झाइम आणि इतर काही एन्झाइम्स वाढलेली दिसतात. लॅबमध्ये पोचल्यावरही थोडा वेळ स्वस्थ बसा.

मृण्मयी_स
गरोदरपणातल्या ग्लुकोजच्या तपासणीबद्दल कोणी सांगेल का? ७५ ग्रॅमची आहे. मैत्रीण म्हणाली, आधी दोन-तीन दिवस गोड आणि पिठूळ बंद कर म्हणजे चांगला रिपोर्ट येईल.

फॅमिलीडॉक्टर
तसं अजिबात करू नका. आधीचे तीन दिवस रोजच्यासारखं, कर्बोदकं दिवसाला निदान १५० ग्रॅम तरी जातील असं खायचं. ती तोडली की शरीराची साखर हाताळायची तयारी मंदावते, आणि अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज आल्यावर आकडा खोटा चढा येऊ शकतो. मग रात्रभर ८ तास उपाशी, पाणी चालेल. ग्लुकोज प्यायल्यावर पूर्ण वेळ तिथेच बसून राहा, चालू नका. उलटी झाली तर लपवू नका, तपासणी पुन्हा करावी लागते. त्या खोलीत खूप मळमळतं हे खरं आहे, सोबत कोणीतरी घेऊन जा.

निर्मळमन
आणि चुकून काही खाल्लं तर? माझी जाऊ सकाळी औषधाबरोबर अर्धा कप दूध प्यायली होती आणि भीतीपोटी लॅबमध्ये बोललीच नाही.

काचनळी
सांगायचं! एवढी एक विनंती आहे माझी सगळ्यांना. आम्ही ओरडत नाही, आणि कोणी ओरडलंच तर ती त्यांची चूक. फॉर्मवर "इतक्या वाजता इतकं घेतलं" असं लिहिलं की डॉक्टर त्या हिशेबाने रिपोर्ट वाचतात, किंवा साखर सोडून बाकीचं घेऊन टाकतात. न सांगितलेल्या अर्ध्या कप दुधापायी एखाद्याला नको ते औषध सुरू होऊ शकतं.

ऋतुगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. आईच्या डॉक्टरांशी बोलले. पाणी द्यायचं, रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी, थायरॉइडची रक्त दिल्यावर, मधुमेहाची नाश्त्याबरोबर. तिच्या गोळीत ग्लिमेपिराइड निघालं, मला ते माहीतच नव्हतं. नाश्ता आणि ग्लुकोज बरोबर ठेवणार आहे. वेळ साडेसातची मिळाली. लॅबला पुन्हा फोन केला आणि पाण्याबद्दल सांगितलं, तर या वेळी दुसऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, हो, पाणी प्यायलंच पाहिजे. म्हणजे फोन कोण उचलतं त्यावर सल्ला ठरतो. हे लेखी का देत नाहीत?

सरळसोट
त्यांच्याकडे मागा. नाव नोंदवल्यावर मोबाइलवर निरोप येतोच, त्यात दोन ओळी वाढवायला काय लागतं? कोणत्या तपासणीला किती तास, पाणी चालतं, इन्सुलिनवाल्यांनी आधी विचारा. सगळ्यांनी मागितलं तर देतील.

रातपाळी
उशिरा आलो धाग्यावर. मी रात्री काम करतो, सकाळी आठला सुटतो. रात्री दोनच्या सुमारास जेवण होतं. मी कधी जायचं?

काचनळी
दोनला जेवून सकाळी आठला आलात तर सहाच तास होतात, आणि त्यात रात्रभर जागरण. शक्यतो सुट्टीला जोडून या, एक-दोन रात्री नीट झोप झाल्यावर, सकाळी. ते जमत नसेल तर रात्रीचं जेवण लवकर उरकून पुढे फक्त पाणी घ्या, तेही इन्सुलिन किंवा तशा गोळ्या नसतील तरच. दुपारी झोपून उठल्यावर उपाशी येणंही चालतं, पण दुपारनंतरची उपाशीपोटीची साखर सकाळपेक्षा थोडी कमी दिसू शकते, हे डॉक्टरांना माहीत हवं. कॉर्टिसॉल असेल तर आधीच विचारा, ते झोपेच्या चक्रावर चालतं आणि तुमचं चक्र उलटं आहे. सीरम आयर्नही दिवसभरात खालीवर होतं, आणि लोहाची गोळी घेत असाल तर ती आदल्या दिवशी नको. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), सीबीसी, एचबीए१सी कधीही द्या. फॉर्मवर शेवटचं जेवण किती वाजता आणि झोप कधी झाली, दोन्ही लिहा. रकाना नसला तर वर मोकळ्या जागेत लिहा.

रातपाळी
सुट्टी रविवारी आहे, सोमवारी सकाळी येतो म्हणजे झालं. धन्यवाद, काचनळी.